गोळी डब्यात, बाटली हाताला

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कुरुंद्याच्या. बचत गटातल्या बाराजणी. माईकपुढं एकजण बसली असली तरी काय बोलायचं ते आम्ही सगळ्यांनी बैठकीत ठरवलंय, म्हणून बोलण्यात 'आम्ही आम्ही' असंच येईल. आम्ही डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. आमच्यातल्या चौघी तर आत्ता-आत्ता सही करायला शिकल्या. पण हिशोब आम्हाला येतो, आणि ही सगळी गोष्ट हिशोबावरूनच निघाली.

झालं असं की, आखाडात आम्ही गटाचं कर्जाचं रजिस्टर वाचायला घेतलं. एरवी कुणाकडं किती राहिलं तेवढंच वाचतो. त्या दिवशी कर्ज कशासाठी घेतलं तो रकानाही मोठ्यानं वाचला. शेळी. दवाखाना. लेकीची फी. दवाखाना. बियाणं. दवाखाना. हळदीची मजुरी. दवाखाना. परत दवाखाना. वाचणारी थांबली आणि म्हणाली, "बायांनो, हा बचत गट हाय का दवाखान्याची पेढी?" आधी हसलो. मग कुणी हसेना.

कारण आमच्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेसुद्धा पैसे नाहीत. मग आमचे पैसे चाललेत कुठं?

आमच्या आशाताईनं एक युक्ती काढली. म्हणाली, "पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली औषधाची पिशवी आणायची. गोळ्या, चिठ्ठ्या, पावत्या, जे असंल ते. लपवायचं नाही आणि येताना उकिरड्यावर फेकायचं नाही."

पुढच्या बैठकीला सतरंजीवर बारा पिशव्या उपड्या केल्या. एका बाजूला गोळ्यांचा ढीग. त्यात सगळ्यांत जास्त काय निघालं असेल? रक्तवाढीच्या लाल गोळ्या. आरोग्य केंद्रातून फुकट मिळालेल्या, न फोडलेल्या पट्ट्या. काहींवर उंदराचे दात होते. एकीनं कबूल केलं की तिनं त्या कुटून तुळशीला घातल्या, तुळस चांगली फोफावली म्हणे. त्याखालोखाल बीपीच्या गोळ्या, चार खाल्लेल्या आणि बाकी तशाच. दुसऱ्या बाजूला पावत्या. सलाईन. सुई. सलाईन. टॉनिकची बाटली. सलाईन. कुणाची पावती चारशेची, कुणाची सहाशेची.

म्हणजे ज्या घरात फुकटची गोळी डब्यात पडून आहे, त्याच घरातल्या बाईनं व्याजानं पैसे घेऊन हाताला बाटली लावून घेतलीय. आणि दोन्ही कशासाठी? अशक्तपणासाठी. दुखणं एकच आहे, बघा.

आता या बाटलीचं आधी बोलू, कारण तिच्यावर आपली लई श्रद्धा आहे. बाटलीवर इंग्रजीत काय लिहिलेलं असतं ते आशाताईनं आम्हाला वाचून दाखवलं. बाटली असते अर्ध्या लिटरची. साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता भरत नाही एवढं. आपण जिला ग्लुकोजची बाटली म्हणतो, तिच्यात २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे. बाकी सगळं पाणी. स्वच्छ, जंतू मारलेलं पाणी, एवढं खरं. पण पाणीच.

पाच चमचे साखरेची ताकद किती, तर एका केळ्याएवढी. कुरुंदा-गिरगावचा शिवार म्हणजे केळीचा शिवार. दिवसभर केळीच्या घडाखाली वाकून काम केलेली आमची बाई संध्याकाळी एका केळ्याची ताकद चारशे रुपयांना विकत घेते. हा हिशोब मांडला तेव्हा आमच्यातल्या एका मावशीनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "मी तर यंदा चार केळी घेतली की गं!"

पण तीच मावशी दुसरंही बोलली, आणि ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, "पण खरं सांगू का, बाटली लावली की बरं वाटतं. खोटं कसं म्हणू?"

खोटं नाहीच ते. आम्ही विचार केला की काहून बरं वाटत असेल. उन्हात दिवसभर काम करताना आपण पाणी पीत नाही. आडोसा नसतो, लघवीला जायची सोय नसते, म्हणून तहान मारतो. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, ते बाटलीनं भरून निघतं. पण तांब्याभर पाण्यानं, लिंबाच्या सरबतानंही भरून निघालं असतं. दुसरं कारण म्हणजे बाटली चालू असेपर्यंत बाईला दोन तास कुणी उठवत नाही. सासू म्हणत नाही की चहा टाक. पोरगं म्हणत नाही की वाढ. नवरा शेजारी बसून असतो. त्या दिवशी चूल दुसरं कुणीतरी पेटवतं. नुसती पडली तर ती आळशी ठरते. हाताला नळी लावून पडली तर आजारी. आमच्या मते चारशे रुपयांतले निम्मे रुपये तरी आपण या दोन तासांच्या आरामाचे मोजतो. हे बोललो तेव्हा बैठकीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

सलाईन वाईट असं आम्ही म्हणत नाही. एवढी उलटी होतेय की पाण्याचा घोटही थांबत नाही, हगवणीनं लेकरू मलूल पडलंय आणि पीत नाही, माणूस बेशुद्ध आहे, रक्त फार गेलंय, ऑपरेशन आहे, डेंग्यू बळावलाय, अशा वेळी तीच बाटली जीव वाचवते. तिथं अजिबात वेळ घालवू नका. पण ज्याला तोंडानं खाता-पिता येतं, त्याला नसेतून पाणी देण्यात फायदा नाही. उलट शीर सुजते, सुई नीट नसेल तर जंतू थेट रक्तात जातात, आणि हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्या माणसाला जादा पाण्यानं दम लागतो. जुलाब झाले तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ मोजून घाला, अंदाजानं नको.

मग अशक्तपणाचं खरं औषध कुठलं? तर त्या उंदरानं कुरतडलेल्या लाल गोळ्या. २०१९ ते २०२१ च्या सरकारी आरोग्य पाहणीत आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांना रक्त कमी निघालं. म्हणजे आमच्या बारा जणींत सहा-सात. आम्ही आरोग्य केंद्रात जाऊन बोटाचं रक्त तपासलं, तर जवळपास तसंच निघालं. धाप लागणं, पायऱ्या चढताना छातीत धडधडणं, हळद वेचताना डोळ्यापुढं अंधारी येणं, हे सगळं रक्त कमी असल्याचं. बाटलीतल्या साखरेनं रक्त वाढत नाही. एकदाही नाही, दहादा लावली तरी नाही.

गोळी का सोडली, हे प्रत्येकीला विचारलं. कुणी म्हणाली मळमळतं. कुणी म्हणाली संडास काळी होते, वाटलं आतून रक्त चाललंय. कुणी म्हणाली गोळी गरम पडते. कुणी म्हणाली फुकटच्या औषधात कसला गुण! आरोग्य केंद्राच्या सिस्टरबाईंनी एकेकीला उत्तर दिलं. संडास काळी होणारच, लोहाचा रंग आहे तो, घाबरायचं नाही. मळमळतं तर उपाशीपोटी घेऊ नका, रात्री जेवण झाल्यावर घ्या आणि झोपा. गोळीच्या आगंमागं तासभर चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू चालतो, उलट त्यानं जास्त लागतं. आणि महिन्यात गुण दिसला तरी थांबायचं नाही, कारण आधी रक्त भरतं आणि मग अंगातला साठा भरतो. पेव भरायच्या आधी धान्याची गाडी परत पाठवत नाही ना आपण, तसं.

हे आम्हाला आधी का कुणी सांगितलं नाही? सांगितलं असेलही. पण पट्टी हातात देताना मागं रांग असते, आणि आपल्यालाही घरी जायची घाई असते. विचारलं नाही, हा आमचाही दोष.

आता आमचा खरा मोठा दोष सांगतो. तो सांगायलाच आज बसलोय.

आमच्यात एक काकू आहेत. गटात सगळ्यांत वयानं मोठ्या. तपासणीत त्यांचा बीपी १७० वर १०० निघाला. गोळी सुरू झाली, रोज एक. दोन महिन्यांत १३० वर आला. काकूंना आधीही काही होत नव्हतं, नंतरही काही होत नव्हतं. बीपीचं असंच असतं, तो दुखत नाही, खुपत नाही. मग २०२२ चा जुलै आला. त्या पावसात नदीचं पाणी आपल्या गावात शिरलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. घरात कमरेएवढं पाणी, धान्य भिजलं, भांडी वाहून गेली. त्यात काकूंची गोळ्यांची पिशवीही गेली. पूर ओसरल्यावर बैठक झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "गोळ्याबी गेल्या वाहून." आणि आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, "बरंच झालं काकू, सुटलात. रोज रोज कशाला ते इख? जन्माची सवय लागती." सगळ्या हसलो. काकूपण हसल्या. परत गोळ्या आणायला कुणी त्यांना म्हटलं नाही.

पुढच्या हळद काढणीत, सकाळी भाकरी थापताना काकूंच्या हातातून पीठ खाली पडलं. तोंड वाकडं झालं. नांदेडला नेलं, जीव वाचला. उजवा हात गेला. गटातून त्यांच्या घरी जे कर्ज गेलं, तेवढं मोठं कर्ज आम्ही कुणालाच दिलेलं नव्हतं. त्यावर सह्या आमच्याच. काकू आजही बैठकीला येतात, डाव्या हातानं अंगठा देतात. हे रेडिओवर सांगू का असं त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "सांगा. नाव नका घेऊ, पण सांगा."

दाब खाली आला तो गोळीमुळं खाली आहे, बरा झाला म्हणून नव्हे. बांध आहे म्हणून पाणी अडलंय. पाणी अडलं म्हणून कुणी बांध फोडतं का? सवय लागते म्हणतात ती सवय नव्हे, गरज आहे. मिठाची, पाण्याची असते तशी.

हे गोळी सोडणं फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. देशभर तेच रडगाणं आहे, म्हणून २०१८ च्या सुमारास केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून रक्तदाबाचा एक कार्यक्रम सुरू केला. आपल्या राज्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्यांदा घेतले. त्यात नवी मशीन नव्हती, महागडं औषध नव्हतं. सगळीकडं एकाच पद्धतीच्या साध्या गोळ्या, एका वेळी महिन्याचा साठा, प्रत्येकाची नोंद, गावाजवळच्या केंद्रात गोळी, आणि मुख्य म्हणजे जो माणूस महिन्याला आला नाही त्याला फोन करायचा, शोधून काढायचा. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. आम्हाला यातलं शेवटचं पटलं. न आलेल्या माणसाला शोधणं. काकूंना त्या जुलैत कुणीतरी शोधायला हवं होतं, आणि आम्ही तर त्यांच्या शेजारी बसलो होतो.

म्हणून आता आमच्या बैठकीत हप्ता गोळा करताना सोबत एक प्रश्न असतो. "गोळी चालू हाय का?" ज्यांची बीपी-शुगर आहे त्या संपत आलेली पट्टी दाखवतात. रिकामी घरं मोजतो. एक-दोन राहिली तर रागवत नाही. रागावलं की बाई खोटं बोलते, गोळ्या काढून फेकते आणि रिकामी पट्टी दाखवते. हे आम्ही पहिल्या दोन महिन्यांत शिकलो. का राहिली ते विचारतो. एकीची राहायची, कारण ती पहाटे पाचला शेतावर जाते आणि गोळी घरी देवळीत. तिनं आता पट्टी भाकरीच्या फडक्यात बांधायला घेतली. एकीला सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली ते कळत नव्हतं, तिच्या नातीनं पट्टीवर पेनानं सूर्य आणि चांदणी काढून दिली. एकीचे पाय सुजत होते म्हणून तिनं मनानंच बंद केली होती. बीपीच्या एका गोळीनं काही जणांचे पाय सुजतात, पण त्याला उपाय आहे, डॉक्टर गोळी बदलून देतात. आणि एकजण तर आपल्यातली अर्धी नवऱ्याला देत होती, त्यालाही चक्कर येते म्हणून! तिघा-चौघींनी मिळून नवऱ्याला केंद्रात नेलं. त्याला बीपी नव्हताच. कमी दाबाच्या माणसाला ही गोळी दिली तर तो कोसळू शकतो.

एखाद्या दिवशी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घेऊ नका. पट्टी संपायच्या चार दिवस आधी केंद्रात जा. माहेरी जाताना, कोयत्यावर जाताना महिन्याच्या गोळ्या आणि कागद सोबत घ्या. कागद दाखवला की दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यातही गोळी मागता येते.

टीबीचंही थोडं बोलतो. फार नाही, कारण त्यावर मागं या रेडिओवर बोलणं झालंय. एवढंच सांगतो की १९५६ साली मद्रासला एक मोठा अभ्यास सुरू झाला. टीबीच्या निम्म्या रोग्यांना आरोग्यधामात ठेवलं, निम्म्यांना आपापल्या घरी, झोपडपट्टीत. औषधं दोघांनाही तीच. लोकांना वाटलं होतं घरचे लवकर मरतील, घरात सगळ्यांना लागण होईल. वर्षानं पाहिलं तर घरचेही जवळपास तेवढेच बरे झाले, आणि घरच्यांना लागणही जास्त झाली नाही. खाट, दूध, अंडी, डोंगरावरची हवा यांपेक्षा गोळी नेमानं पोटात जाणं मोठं ठरलं. तेव्हापासून जगभर टीबीची भरती कमी झाली. आता साध्या टीबीला सहा महिने गोळ्या, त्या फुकट, वर खाण्यासाठी सरकार महिन्याला पैसे देतं. ते आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झालेत. दोन महिन्यांत खोकला थांबतो, तिथंच लोक सोडतात. आणि सोडलेला टीबी परत आला तर कधीकधी साध्या गोळ्यांना जुमानत नाही. नवी सून असेल तर सासरी लपवून लपवून घेते. तिला लपवायला लागू नये एवढं आपल्या हातात आहे.

आता पिशवीचं. गोळ्यांची पिशवी नव्हे, आपली पिशवी. गर्भाशय.

गटाच्या रजिस्टरमधल्या एका 'दवाखाना' या शब्दामागं पिशवी काढल्याचं ऑपरेशन होतं. बाई बत्तीस वर्षांची. अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोटात दुखत होतं. एका खासगी ठिकाणी सांगितलं, पिशवी खराब झाली, नाही काढली तर कॅन्सर होईल. ती घाबरली. आम्हीही घाबरलो. कर्ज मंजूर केलं, एकीनंही विचारलं नाही की दुसऱ्या कुणाला दाखवलंस का. आज तिचे गुडघे आणि कंबर साठीच्या बाईसारखे दुखतात, अंगात वाफा येतात. नंतर कागद वाचून घेतला तेव्हा कळलं की पिशवीसोबत अंडाशयंही काढली होती.

बीडचं तुम्ही ऐकलं असेल. जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. देशभर पाहिलं तर पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरात तीनच्या आसपास असतात. बीडच्या बाया काही वेगळ्या मातीच्या नाहीत. वेगळं आहे ते काम. उचल घेतलेली, पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायची, फडात न्हाणी नाही, संडास नाही, एक दिवस बुडला की मुकादम खाडा कापतो. मग बाईलाच वाटतं, ही कटकट एकदाची गेलेली बरी. आपल्या भागातूनही कोयते जातात, म्हणून हे बीडचं म्हणून सोडून देऊ नका. त्यानंतर बीडमध्ये असा नियम झाला की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यानं पिशवी काढायची नाही. आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्याच राज्यांना नको असलेली ही ऑपरेशनं रोखायचे नियम लागू करायला सांगितलं.

पण सगळं दवाखान्यांवर ढकलून मोकळं होता येत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांना तपासलं होतं. १९८९ साली ते छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना बाईपणाचा काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी शंभरातल्या आठ जणींनाच कधी कुणी तपासलं होतं. बाकीच्या अंगावर काढत होत्या. आपणही तेच करतो. पांढरं जातंय, खाज येतेय, वास येतोय, याला बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांच्या गोळ्या पुरतात, नवरा-बायको दोघांनी घ्यायच्या असल्या तर दोघांनी. पण लाजेपायी सांगत नाही, सांगितलं तर गोळ्या अर्ध्या घेतो, नवरा तर घेतच नाही. चार वर्षं असं चालतं आणि मग घाबरून एकदम ऑपरेशनला तयार होतो. गोळी सोडली तिथूनच हा रस्ता सुरू झालेला असतो.

पिशवी काढावीच लागते असे प्रसंग आहेत. कॅन्सर निघाला, मोठी गाठ होऊन औषधांनी न थांबणारा रक्तस्राव होतोय, अंग फार बाहेर आलंय. पण नुसतं पांढरं जाणं, नुसती कंबरदुखी, नुसती कॅन्सरची भीती यासाठी नाही. भीती असेल तर तपासणी करा. तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आमच्या गटानं मग ठराव केला. ऑपरेशनसाठी कर्ज पाहिजे तर दुसऱ्या डॉक्टरचा, शक्यतो सरकारी, कागद आणायचा. ठराव झाला आणि पहिल्याच महिन्यात भांडण झालं. एक वहिनी म्हणाली, "माझ्या पोटात आगडोंब उठलाय आन् तुम्ही मला कागद मागता? सावकार तरी बरा म्हणायचा!" तिचं चुकलं नव्हतं. आम्ही दोघीजणी तिच्यासोबत वसमतला सरकारी दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली, मोठी गाठ निघाली, ऑपरेशन खरंच लागणार होतं. तिथंच झालं, कर्ज लागलं ते फक्त येण्याजाण्याचं आणि घरी पडून राहिली तेवढ्या दिवसांच्या मजुरीचं. तेव्हा ठराव बदलला. कागद मागायचा तर सोबत गटातली बाई जाईल, आणि बाळंतपण, अपघात, साप, छातीत दुखणं, लकवा असल्या गोष्टींना कसलाच कागद नाही, आधी पैसे.

डॉक्टरांपुढं आपली जीभ उचलत नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून प्रश्न पाठ केलेत. डॉक्टरसाहेब, मला झालंय काय? हे नाही केलं तर काय होईल? गोळीनं भागेल का? ही गोळी किती दिवस घ्यायची आणि त्रास झाला तर काय करू? पहिल्यांदा विचारलं तेव्हा आमच्या पोटात गोळा आला होता. एका खासगी डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं, "बाई, तुम्ही आलात की म्हणता बाटली लावा. नाही लावली तर उठून समोरच्याकडं जाता, आणि वर म्हणता याच्या हाताला गुण नाही. मी काय करू?" खोटं बोलले नाहीत ते. आता त्यांच्याकडं गेलो की आम्ही आधीच सांगतो, बाटली नको, फी घ्या, नीट तपासा. सर्दी-पडशाला ताकदीच्या अँटिबायोटिक गोळ्याही मागत नाही. आणि दिल्याच, त्या लागणार असल्या, तर पुऱ्या करतो.

रजिस्टर अजूनही वाचतो. 'दवाखाना' अजून येतंच, पण आता त्याच्यापुढं कशासाठी तेही लिहितो. मागच्या महिन्यात चार केळीवाली मावशी परत बाटली लावून आली. विचारलं तर म्हणाली, "लेक-जावई आले होते, आठ दिवस चुलीपाशीच होते. पडायला दुसरी जागा सापडली नाही." आम्ही काही बोललो नाही. तिच्या सुनेला मात्र बैठकीला बोलावलंय.

पुढच्या वेळी याच वेळेला आरोग्य केंद्राच्या सिस्टरबाई बोलणार आहेत. नवरात्र तोंडावर आलंय, नऊ दिवस उपास धरायचे आणि शुगरची गोळीही चालू, तर काय करायचं, त्यावर. बीपीची गोळी पाण्यासोबत घ्या, उपास मोडत नाही, तेवढं आजच सांगून ठेवतो. शुगरच्या गोळीचं तसं नाही. उपाशीपोटी काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते, घाम सुटतो, माणूस भोवंडतो. घट बसायच्या आधी आपली पट्टी घेऊन केंद्रात जाऊन या. ज्यांना एकटीला जायला नको वाटतं त्यांनी बुधवारी सकाळी गावातल्या मारुतीपाशी थांबा. आम्ही काकूंना घेऊन जाणारच आहोत.